डाव्या पायाची मोहरी

आयुष्यात त्यांनी कुणाला एक अक्षर शिकवलं नव्हतं, तरी अख्खी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत कुणी पाडली कोण जाणे, यांना मात्र ती शोभायची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, टेप गळ्यात, बोलणं मोजकं, आणि नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नाही तर कमरेवर. चपलांच्या दुकानावरच्या लांबट खोलीत ते एकोणचाळीस वर्षं फक्त पँटी शिवत आले होते. कुणी शर्टाचं कापड आणलं तर परत पाठवायचे. “शर्ट काय, खुंटीलाही बसतो,” म्हणायचे. “पँट बसायला माणूस कळावा लागतो.”

आणि माणूस त्यांना कळायचा. कुणाचा एक पाय अर्ध्या इंचानं तोकडा आहे, कुणाच्या जांघेत हर्नियाचा पट्टा आहे, कुणाची मांडी दोन महिन्यांत उतरली आहे, हे सगळं मापाच्या लांब वहीत पेन्सिलीनं बारीक अक्षरात टिपलेलं असायचं. पोट आत ओढून माप देणाऱ्या गिऱ्हाइकाला ते कधी “श्वास सोडा” म्हणायचे नाहीत. गुपचूप दीड इंच वाढवून घ्यायचे. पँट घालून बघताना तो खूश होऊन म्हणायचा, “बघा मास्तर, दहा वर्षं तेच माप!” मास्तर गंभीरपणे मान डोलवायचे. “माप वहीत, वही खणात,” हा त्यांचा नियम. काजंबटणं आणि तुरपाई करणाऱ्या मावशी बावीस वर्षांपूर्वी कामाला लागल्या, तेव्हा सुई हातात द्यायच्या आधी मास्तरांनी त्यांना हा नियम दिला होता.

दुसऱ्यांची शरीरं अशी जपणाऱ्या माणसानं स्वतःचं दुखणंही त्याच खणात टाकलं, यात नवल नाही.

तीनेक वर्षं त्यांची लघवी कुरबुर करत होती. आधी धार बारीक झाली. मग सुरू व्हायलाच वेळ लागू लागला. सुरू झाली की मध्येच थांबायची, आणि संपली म्हणून बाहेर यावं तर संपलेली नसायची. चार दुकानांत मिळून एक संडास, तोही खाली जिन्यामागे, आणि त्याची किल्ली घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात खिळ्याला. या घड्याळजीची जीभ सेकंदकाट्यासारखी, सतत चालू.

“मास्तर, आत पँट शिवायला बसता की काय? तेवीस मिनिटं झाली. माझ्याकडे घड्याळांची कमी नाही, नाही म्हणू नका!”

मास्तर किल्ली खिळ्याला अडकवून निमूट वर यायचे. मशीनवर बसतात न बसतात तोच पुन्हा लागल्यासारखं व्हायचं. पुन्हा किल्ली मागायची लाज, म्हणून त्यांनी पाणीच तोडलं. सकाळचा चहा अर्धा कप, दुपारी दोन घोट. नातेवाइकांकडे जायचं तर आधी मनात त्यांच्या घराचा नकाशा मांडायचे, दार कुठे, बैठक कुठे, मोरी कुठे. मोरी बैठकीतून दिसत असेल तर जायचंच नाही.

“अहो, रोज रात्री चार-चार वेळा उठता तुम्ही,” बायको म्हणाली. तिला गल्ली मास्तरीणबाई म्हणायची. “डॉक्टरला दाखवूया.”

“वय झालं की उठतात माणसं.”

“माझंही वय झालंय.”

मास्तर इस्त्री तापवायला गेले.

त्यातच मागच्या वर्षी हृदयाच्या एका रक्तवाहिनीत जाळी बसवून झाली होती. रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या रोज चालू होत्या. एका दुखण्याची चौकशी चालू असताना दुसरं पुढे करणं मास्तरांना उधळपट्टी वाटायची.

मग सर्दी झाली. औषधाच्या दुकानातून त्यांनी नाक मोकळं करायच्या गोळ्या आणल्या आणि दोन दिवस घेतल्या. नाक उघडलं आणि खालचं दार बंद झालं. त्या गोळ्यांनी त्या वाटेचे स्नायू आणखी आवळतात, हे नंतर कळलं. त्या दुपारी एवढंच कळत होतं, की सकाळपासून एक थेंब आलेला नाही आणि ओटीपोट इस्त्रीच्या गादीसारखं टणक झालं आहे. ते तीन वेळा खाली गेले. तिसऱ्या वेळी भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. बाहेरून घड्याळजी काहीतरी विनोद करत होता. तो मास्तरांना ऐकू आला, पण समजला नाही.

मोठ्या इस्पितळात नर्सनं नळी घातली. पिशवी भरत गेली, भरतच गेली. अकराशे मिलिलिटर. एवढं सुख मास्तरांना उभ्या आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि एवढी लाजही. बायको पडद्याच्या या बाजूला उभी होती. तिनं त्यांचं कपाळ पुसलं आणि जाणूनबुजून छताकडे बघत राहिली.

“तुमचं उलटं झालंय,” डॉक्टर हसून म्हणाले. “आडात भरपूर आहे, पोहऱ्यात येत नाही.” त्यांनी समजावून सांगितलं. प्रोस्टेट ही ग्रंथी सगळ्या पुरुषांना असते, लघवीच्या वाटेभोवती बांगडीसारखी. वयानं ती फुगते आणि वाट आवळते. मास्तरांची भलतीच फुगली होती. कर्करोगाच्या तपासण्या झाल्या, तसलं काही निघालं नाही. गोळी सुरू झाली. आठवड्यानं नळी काढली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी लघवी पुन्हा तुंबली. पुन्हा नळी. तीन आठवड्यांनी पुन्हा काढली, पुन्हा तेच.

“ऑपरेशन हवं,” डॉक्टर म्हणाले, “पण तुमची जाळी नवी आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करता येत नाहीत, आणि त्या चालू असताना आम्ही आतून कापलं तर रक्त थांबायचं नाही. सध्या नळी राहू द्या. दर महिन्याला बदलत जाऊ.”

मास्तरांनी ‘सध्या’ ऐकलंच नाही. ‘राहू द्या’ तेवढं ऐकलं.

त्या दिवसापासून त्यांचं जग नळीच्या लांबीएवढं झालं. झोपायचं तर एकाच कुशीवर, पिशवी पलंगाच्या खाली लटकवून. कूस बदलली की नळी आतून ओढायची, आणि झोपेतही कुणीतरी लगाम खेचल्यासारखं वाटायचं. दिवसा पिशवी डाव्या पोटरीला पट्ट्यांनी बांधलेली. भरत आली की नडगीवर कुणी गरम हात ठेवून बसल्यासारखं व्हायचं. कुठं निघायचं तर हिशेब एकच, मागची रिकामी केली कधी आणि पुढची रिकामी करणार कुठं. महिन्यातून एकदा नळी बदलायची, दोनदा तापही येऊन गेला. आणि सगळ्यात मोठी धास्ती वासाची. येत नसला तरी त्यांना येत असायचा. गिऱ्हाईक खिडकीकडे सरकलं, की मास्तर उदबत्ती लावायचे.

स्वतःच्या पँटींचा डावा पाय त्यांनी खाली रुंद करून घेतला. गुडघ्यावर बसून मांडीच्या आतून माप घेणं बंद केलं. त्याऐवजी गिऱ्हाइकाला ठेंगण्या स्टुलावर उभं करू लागले.

“गुडघा धरलाय,” ते सांगायचे.

“धरायचाच,” मावशी कोपऱ्यातून म्हणायच्या, आणि काज शिवत राहायच्या.

सातव्या महिन्यात मास्तरांना एक युक्ती सुचली. पिशवी पायावर कशाला? चालताना हिंदकळते, पट्टे रुततात, वाकलं की दिसते. पँटीच्या आतून कमरेला खिसा शिवला तर? पट्ट्याच्या मागे, पोटाच्या बाजूला, मऊ अस्तराचा, वर झाकण, झाकणाला दोन चपटी बटणं. दोन दुपारी, मावशी जेवायला गेल्यावर, त्यांनी तो खिसा शिवला. असं बारीक काम त्यांच्या हातून कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. शिवण दिसत नव्हती, फुगवटा दिसत नव्हता, आणि वर सैल कोट घातला की आरशातला माणूस जुना मास्तर दिसत होता. त्यांनी आरशासमोर एक गिरकीही घेतली.

त्या सकाळी ते दुकानात जवळजवळ शीळ घालत आले. अकरा वाजता पोटात जड वाटू लागलं. बारा वाजता कळ. त्यांनी पडद्यामागे जाऊन पिशवी चाचपली, ती रिकामी. म्हणजे नळीही बंद पडली! आता नळीलाही वाट उरली नव्हती. मावशींना “पोट बिघडलंय” एवढं सांगून ते भिंत धरत जिना उतरले.

इस्पितळातल्या नर्सनं कोट उघडला, खिसा उघडला आणि पिशवी उचलून गुडघ्याखाली धरली. भळभळ करत ती भरू लागली.

“मास्तर,” ती म्हणाली, “पाणी कधी चढावर चढतं का? पिशवी नेहमी खाली हवी. तुम्ही तिला माळ्यावर नेऊन ठेवलीत.” मग खिशावरून बोट फिरवत ती प्रेमानं म्हणाली, “पण शिवलाय सुरेख हो.”

ती बिचारी कौतुक करत होती. मास्तरांना मात्र तोंड दाबून बुक्क्यांचा मार बसला. जे दुखणं औषधाला दाद देत नव्हतं, त्याला निदान आपल्या हातातली विद्या लागू पडेल असं त्यांना वाटलं होतं. तीही हरली. घरी येऊन त्यांनी खिसा उसवला आणि पाच दिवस दुकान उघडलं नाही. खिडकीशी बसून राहिले. बायकोनं चहा ठेवला की अर्धाच प्यायचे, आता प्यायला काही हरकत नव्हती तरी.

“असं किती दिवस?” ती एकदा म्हणाली.

“मरेपर्यंत,” मास्तर म्हणाले. रागानं नाही. माप सांगावं तसं.

सहाव्या दिवशी मावशींनी निरोप धाडला, की लिलाववाले तीनदा येऊन गेले, आता चौथ्यांदा आले तर मी पळून जाईन. लिलाववाले म्हणजे पलीकडच्या रस्त्यावर जुन्या सामानाचा लिलाव पुकारणारे गृहस्थ. आवाज असा, की त्यांनी “नमस्कार” म्हटलं तरी कुणीतरी बोली लावावी. मास्तरांना दुकानात यावंच लागलं.

“कुठं होतात मास्तर? हे घ्या!” त्यांनी टेबलावर तीन पँटी आपटल्या. “तिन्हींचा डावा पाय बारीक करा. उजव्यासारखा.”

मास्तरांनी वही उघडली. मागच्या वर्षीच्या पानावर त्यांचंच अक्षर होतं. ‘डावी मोहरी दीड इंच जास्त. गिऱ्हाइकाची इच्छा.’ मोहरी म्हणजे पँटीच्या पायाचं खालचं तोंड. तेव्हा मास्तरांना वाटलं होतं, पायाला सूज असेल, फडकं बांधत असतील. विचारलं नव्हतं. आता त्या दीड इंचाकडे ते बघत राहिले. स्वतःच्या पँटीला त्यांनी नेमकं तेवढंच वाढवलं होतं.

माप घ्यायला ते किती दिवसांनी खाली वाकले. नडगीवर रबर दाबलं गेलं, तरी वाकले. लिलाववाल्यांच्या डाव्या पोटरीला टेप गुंडाळला. कापड, मोजा, पाय. बाकी काही नाही.

एकोणचाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकाला शरीराबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. तो प्रश्न आता गळ्यात येऊन अडकला, आणि मास्तरांना वाटलं, हाही तुंबतोय.

“डावीकडचं…” त्यांनी अगदी हळू विचारलं, “गेलं?”

“काय गेलं?”

“डाव्या पायावरचं.”

लिलाववाल्यांनी खाली वाकलेल्या मास्तरांकडे पाहिलं, मग मास्तरांच्या डाव्या पायाकडे. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“पिशवी?” ते गरजले. “लघवीची पिशवी? गेली की! चार महिने झाले! लिलावालाही काढली नाही, सरळ कचऱ्यात!”

“हळू बोला हो.”

“हळू मला येत नाही. तीस वर्षं मागच्या रांगेसाठी बोलतोय. तुम्हालाही लावलीय? किती दिवस?”

“सात महिने.”

“मग आहात कुठं तुम्ही? लेझर करून घ्या!” आणि त्यांनी तिथंच, एक पाय स्टुलावर ठेवून, सगळं सांगितलं. त्यांचेही ठोके चुकायचे म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू होती. त्यांनाही एका डॉक्टरांनी नकार दिला होता. “त्यांनी काय सांगितलं? कापलं तर रक्त थांबायचं नाही. बरोबर सांगितलं. फक्त त्यांच्याकडे लेझर नव्हतं, तेवढं सांगायचं राहिलं. लेझरनं आतली फुगलेली ग्रंथी सोलून काढतात, आणि काढता काढता रक्ताची तोंडंही मिटवत जातात. वाटेतूनच दुर्बीण घालतात, वरून एक टाका नाही. तुमच्या धंद्याला वाईट मास्तर, शिवायला काही ठेवतच नाहीत!”

लेझर करणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता त्यांनी मापाच्या वहीतच लिहिला आणि दणदण जिना उतरून गेले. मावशींची सुई चालू होती.

“मावशी,” मास्तर म्हणाले, “तो माझा गुडघा…”

“गुडघ्याला पिशवी लावत नाहीत.” मावशींनी दोरा दातानं तोडला. “पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“माप वहीत, वही खणात. कुणी शिकवलं?” त्यांनी पँट उलटी केली. “सात महिने जीभ चावून बसलेय मी. उद्या दुकान उघडू नका, त्या बाईंकडे जा.”

“गिऱ्हाइकांना काय सांगाल?”

“गुडघ्याला लेझर मारायला गेलेत.”

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, झपझप बोलायच्या, पण प्रश्न विचारला की थांबायच्या. त्यांनी कागदावर मूत्राशय काढलं, खाली फुगलेली ग्रंथी काढली आणि मधून एक रेघ, ती पार चेपलेली.

“हे मी मोकळं करू शकते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलते. बहुतेक दोनातली एक गोळी काही दिवस थांबवू, दुसरी चालू ठेवू. ऑपरेशननंतर काही आठवडे जळजळ होईल, घाई होईल, थेंब थेंब गळेलही. आणि एक, वीर्य पुढं न येता मागे जाईल. त्यानं अपाय काही नाही.”

मास्तर टेबलावरच्या पेनाकडे बघू लागले.

“ते असू दे हो,” मास्तरीणबाई म्हणाल्या, “पुढचं सांगा.”

“पुढचं महत्त्वाचं आहे.” डॉक्टरीणबाईंनी कागदावरच्या मूत्राशयाला गोल केला. “हे फार दिवस ताणलं गेलंय. अडथळा काढणं माझं काम, पण बाहेर ढकलणं याचं. तपासणीत दाब कमी आलाय. अगदी नाही असं नाही, पण कमी. ऑपरेशन उत्तम झालं तरी यानं साथ दिली नाही, तर नळी परत घालावी लागेल.”

“किती दिवस?”

“काहींची काही महिन्यांनी सुटते.” त्या थांबल्या. “काहींची नाही. खात्री देऊन मी तुम्हाला फसवणार नाही.”

घरी जाताना मास्तर मनात हिशेब मांडत चालले. आतापर्यंत निदान नाही म्हणणारा डॉक्टर होता, त्याच्यावर रुसता येत होतं. आता जे काही अडणार ते त्यांच्याच पोटात अडणार होतं. तीन वर्षं पाणी तोडलं, बोलायचं टाळलं, भिंतीला टेकून कुंथत राहिले, त्या सगळ्याची वसुली आता होणार, असं त्यांना वाटत राहिलं.

“समजा, नाहीच झाली,” ते दारात चपला काढताना म्हणाले.

“तर आहे तिथंच राहू,” बायको म्हणाली. “तिथून मागं तर नाही जायचं?”

ऑपरेशनची सकाळ त्यांना तुटक आठवते. पाठीत सुई. कमरेखालचं शरीर दुसऱ्या कुणाचं तरी झालेलं. पडद्यापलीकडे पाण्याचा आवाज आणि डॉक्टरीणबाईंचं अधूनमधून “छान, छान”, ते त्यांना होतं की यंत्राला, कळलं नाही. दीड तासानं सगळं संपलं. मग दोन दिवस जाड नळी, एकीकडून पाणी आत, दुसरीकडून बाहेर. पिशवीतला रंग लाल होता, मग गुलाबी, मग जवळजवळ पाण्यासारखा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला सिस्टरनं नळी काढली आणि त्यांच्या हातात मापाच्या रेघा असलेलं प्लास्टिकचं भांडं दिलं.

“पाणी पीत राहा. लागली की यात करा, मला दाखवा. चारपर्यंत नीट झाली नाही तर मात्र परत नळी.”

वॉर्डात पाच खाटा होत्या. पाचही जणांना कळलं, की मास्तरांची परीक्षा आहे. शेजारचा म्हातारा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून दर अर्ध्या तासानं वेळ सांगू लागला, जणू मास्तरांनाच दिसत नव्हतं.

नऊला मास्तर संडासात जाऊन आले. काही नाही. दहाला काही नाही. साडेअकराला जळजळत चार थेंब. बारानंतर एक चमचाभर, तांबूस. त्यांनी भांडं सिस्टरला दाखवलं. तिनं आकडा लिहून घेतला. दीडला ओटीपोट पुन्हा टणक लागू लागलं. तो टणकपणा ते ओळखत होते.

“आणखी पाणी पिऊ का नको?” त्यांनी विचारलं. प्यायलं तर पोट फुटेल, नाही प्यायलं तर यायचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

“घोट घोट प्या,” सिस्टर म्हणाली. “आणि जोर करू नका.”

“दोन वाजले,” शेजारच्यानं सांगितलं.

मास्तर आत गेले. दार लावून उभे राहिले. जोर करू नका म्हणायला काय जातं? सगळं अंग जोर करत होतं, दातसुद्धा. दाराबाहेर बायकोची चाहूल लागली.

“अहो, नळ सोडू का थोडा? आवाजानं येते म्हणतात.”

“नको. तू जरा लांब जाऊन बस.”

“बसते. पण घाई करू नका.”

“घाई मी करतोय? घाई त्या चार वाजण्याला आहे!”

ती गेली. मास्तरांना रडू यायला लागलं, आणि त्याचाही राग आला. उभं राहवेना म्हणून ते खाली बसले, बायकांसारखे. असं बसायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं. कोपर मांड्यांवर टेकले, भांडं धरून ठेवलं, आणि थकून गेले. नुसते थकले. बाहेर कुणीतरी ट्रे पाडला, कुणीतरी कुणाला तरी ओरडलं, त्यात त्यांचं एक क्षण लक्ष गेलं. तेवढ्यात आली. जळत, थांबत, पुन्हा येत. भांड्याच्या तळाचा आवाज बदलत वर चढला. ते श्वास धरून ऐकत राहिले, आपण हललो तर थांबेल असं वाटून.

“एकशे साठ,” सिस्टर म्हणाली. मग तिनं पोटावर यंत्र फिरवून आत किती राहिली ते पाहिलं, आणि तिचं तोंड थोडं उतरलं. “अजून बरीच आहे आत. अडीचशे.”

“म्हणजे?”

“म्हणजे पुन्हा जा.”

तीन वाजल्याचं शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं नाही. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण जागा होता. मास्तर चार घोट पाणी प्यायले, वॉर्डाच्या दारापर्यंत चार फेऱ्या मारल्या आणि पुन्हा आत जाऊन बसले. या वेळी बायको बाहेर आली नाही. बराच वेळ गेला. साडेतीनला ते भांडं दोन्ही हातांत धरून बाहेर आले, भरलेला कप सांडू नये तसं.

“दोनशे वीस.” सिस्टरनं यंत्र फिरवलं. एकदा, आणि खात्री करायला दुसऱ्यांदा. “आत राहिली ऐंशी.” ती फोनवर डॉक्टरीणबाईंशी बोलली आणि ठेवताना म्हणाली, “नळी नको म्हणाल्या.”

“नको म्हणजे, आज नको?”

“नको. आठवड्यानं तपासायला या. तुंबल्यासारखं वाटलं तर लगेच या. आणि आता खाट रिकामी करा, दुसरा पेशंट खोळंबलाय.”

“अभिनंदन,” शेजारचा म्हातारा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला. “माझी उद्या आहे.”

कागद, गोळ्या, शबनम पिशवी घेऊन दोघं खाली आली. मास्तर पाय जपून टाकत होते, पण दोन्ही पाय सारखेच पडत होते. इस्पितळाच्या फाटकाशी बायकोनं गाडीला हात केला. गाडी थांबली, आणि मास्तर थांबले.

“काय झालं?” तिचा चेहरा पडला.

“आलो,” म्हणून ते परत आत वळले.

गाडीवाला गेला. ती फाटकाजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली. पाच मिनिटं, सात मिनिटं. मास्तर पायऱ्या उतरून आले. डोळ्यांत जळजळीचं पाणी होतं.

“झाली?”

“झाली. जळते फार.”

“पुन्हा येणार आहे का? तसं असेल तर इथंच बसू.”

मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि तिच्या शेजारी बसले.

“येईलसं वाटतंय,” ते म्हणाले. “बसू.”